चाकाच्या आवरणाचा स्क्रू



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, घरी बांधलेल्या विमानाला बाजारातलेच स्क्रू लावतात का?” त्याच प्रश्नाचे उत्तर आज एका लहान भागावरून समजून घेऊ.

अनेक लहान विमानांच्या चाकांवर फायबरग्लासचे निमुळते आवरण असते. त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. टायरमधील हवा आणि ब्रेक तपासण्यासाठी ते वारंवार काढावे लागते, म्हणून ते कायमचे रिव्हेट करून चालत नाही. स्क्रूच लावावे लागतात. स्क्रू निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, स्क्रूचे डोके. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड आणि रेझिन यांचे थर. खाली निमुळते होत जाणारे डोके पातळ थरात पाचरीसारखे घुसते आणि छिद्राच्या कडेला तडा जातो. म्हणून डोक्याखाली वाटीच्या आकाराचा वॉशर घालतात. त्याने दाब पसरतो. छिद्र अगदी कडेला पाडू नये आणि स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळू नये.

दुसरी, नट. आवरणाच्या आत बोटे पोहोचत नाहीत. म्हणून आतल्या धातूच्या पट्टीवर नट आधीच रिव्हेट करून ठेवतात. मग बाहेरून स्क्रू फिरवला की काम झाले.

तिसरी, थरथर. लूमवर काम करणाऱ्या पालकांना हे शिकवायला नको. सतत हादरणाऱ्या यंत्रात साधा नट हळूहळू सैल होतो, म्हणून स्वतःच घट्ट धरून राहणारा लॉकनट हवा. नायलॉनची कडी असलेला लॉकनट साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंतच चालतो. ब्रेक त्याहून जास्त तापू शकतो, म्हणून ब्रेकजवळ पूर्ण धातूचा लॉकनट लावतात. नायलॉनची कडी असलेला जुना नट हाताने सहज शेवटपर्यंत फिरत असेल, तर तो निकामी झाला असे समजावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माप. “हा त्याच्यासारखाच दिसतो” असे म्हणून स्क्रू घेऊ नये. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या एका प्रवासी विमानाची वैमानिकासमोरची काच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत आढळले की आदल्याच दिवशी बसवलेल्या त्या काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने कमी होते आणि बाकीचे सहा लांबीने कमी होते. व्यासातील फरक एक मिलिमीटरही नव्हता. नवे बोल्ट निवडताना ते जुन्या बोल्टाशी नजरेने ताडून घेतले होते. ते काम करणारा माणूस अनुभवी होता, आळशीही नव्हता. त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला, एवढीच चूक.

म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे: स्क्रू बाजारात मिळतो, पण त्याचा क्रमांक, धातू, व्यास आणि लांबी नकाशात लिहिल्याप्रमाणेच हवी. दुकानदाराने दिले, चकाकते म्हणून घेतले, असे चालत नाही.

पालकांना आमची विनंती आहे. आपल्यात फिटर आहेत, यंत्राची कामे जाणणारे आहेत. एका शनिवारी शाळेत येऊन मुलांना नट, बोल्ट आणि पाना हाताळायला शिकवा. ही विद्या आपल्या घरातच आहे, फक्त तिला कोणी विद्या म्हणत नाही. विश्वस्तांनी प्रयोगशाळेसाठी चार व्हर्नियर कॅलिपर दिले, तर आमची मुले नजरेने ताडून नव्हे, मोजून बोलायला शिकतील.