बिचारा आणि लाचार

संस्कृतातील ‘दुर्बल’ प्राकृतात ‘दुब्बल’ झाला आणि मराठीत ‘दुबळा’ म्हणून नांदू लागला. ‘बिचारा’ व ‘लाचार’ यांची कथा अधिक मनोवेधक आहे. फारसीत ‘चारा’ म्हणजे उपाय. गुरांचा चारा निराळा! ‘बे’ आणि ‘ला’ ही दोन्ही नकाराची चिन्हे. म्हणजे मुळात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : ज्याला काही उपाय उरला नाही असा. मराठीत मात्र ‘बिचाऱ्या’च्या वाट्याला कीव आली, ‘लाचारा’च्या वाट्याला तिरस्कार. वास्तविक लाचाराने मान तुकविली ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. बोलणारे ते विसरले. ‘गरीब’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ परका, परमुलखातला. तोच पुढे निर्धन ठरला, आणि मराठीत तर शांत गाईलाही ‘गरीब’ म्हणतात.