पायांतलं बळ गेलं तर थांबू नकोस

अगं, तू धायरीत खोली घेतलीस तेव्हा आईने पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं. तिच्या मनातून जानेवारी २०२५ अजून गेलेला नाही. पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एकाएकी गिलन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. अनेकांना आधी जुलाब झाले, मग काही दिवसांनी पायांतलं बळच गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) शौचाचे नमुने तपासले, तर काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू निघाला.

पोटातला जंतू पायांत कसा जातो, असं विचारलंस ना? तो जातच नाही गं. त्याच्या काही वाणांच्या अंगावरचं साखरेचं आवरण आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड रेणूंसारखं असतं. जपानच्या नोबुहिरो युकींनी १९९३ मध्ये हे साम्य दाखवून दिलं. जंतूला मारायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, तीच मग नसांवर तुटून पडतात. खुरपताना तणासोबत तसंच दिसणारं कोवळं पीक उपटलं जावं, तसं.

हे होतं या जंतूची बाधा झालेल्या हजारातल्या एखाद्याला, म्हणून दर जुलाबाला घाबरू नकोस. पण नंतर दोन्ही पायांना मुंग्या आल्या, जिना चढवेना, खाली बसलं की उठवेना, तर "अशक्तपणा आहे, नारळपाणी पी" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं रुग्णालय गाठ. दुखणं वर चढत श्वासापर्यंत जाऊ शकतं. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, जे काही करायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात. काहींना महिने लागतात. आणि जीबीएस माणसापासून माणसाला होत नाही. मैत्रिणीला झाला तर तिचा हात धरून बस.

हे टाळायचं तर पाण्याकडे बघ. आपल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या पुढाकाराने बांध घातले, पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आलं. पण भरलेली विहीर स्वच्छ असतेच असं नाही, तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडावीच लागते. तुझ्याकडेही परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकायचे; पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नाही आला, तर पाणी उकळूनच पी. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नकोस, शिंतोडे कोथिंबिरीवर जातात.

टँकर कुठे भरतो, टाकी कधी धुतली, हे घरमालकांना आजच विचार. टाळाटाळ केली तर नंबर पाठव, मी बोलते त्यांच्याशी.