धनगराचा कुत्रा : जातीपेक्षा वाढ महत्त्वाची

बारामती-इंदापूर रस्त्यावरील आमच्या अंथुर्णे परिसरात एका अंगाला कालव्याचा ऊस, तर दुसऱ्या अंगाला कोरडे माळ आहेत. माळावर दख्खनी मेंढरांचे वाडे पडतात. त्याच माळावर लांडगाही वावरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश असल्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे. साहजिकच मेंढपाळाचा मोठा आधार म्हणजे राखणीचा कुत्रा.

हा कुत्रा बहुधा मिश्र रक्ताचा, गावठी असतो; क्वचित त्यात कारवानीचा अंश दिसतो. जात ठाऊक नाही म्हणून तो कमअस्सल ठरतो काय? मला तसे वाटत नाही. अमेरिकेत रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून राखणीच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. कळपाजवळ राहणे, मेंढरास इजा न करणे आणि परक्या जनावरास आडवे जाणे, हे तीन गुण त्यांनी मुख्य मानले. पिलू पहिल्या तीन-चार महिन्यांत मेंढरांत वाढले, तरच ते मेंढरांना आपले मानते.

यास्तव निवड करताना रंगरूपापेक्षा पिलाची आई वाड्यावर कशी वागते ते पाहावे. कारवानी हा मूळचा शिकारी. त्याचा अंश अधिक असल्यास पिलू पळत्या कोकराच्या मागे लागण्याचा संभव असतो. अतिशय भित्रे पिलूही घेऊ नये. निवडलेले पिलू वाघरीत शांत मेंढ्यांजवळ ठेवावे. वर्षभराचे होईपर्यंत मात्र त्याला कोकरांत एकटे सोडू नये. खेळाच्या भरात ते कान ओढते, लोकर उपटते. तिथल्या तिथे दटावल्यास ही खोड मोडते. मेलेले मेंढरू त्याच्यापुढे टाकू नये, पोटभर भाकरी द्यावी. उपाशी कुत्रा राखण सोडून भटकतो.

दुसरी बाब आरोग्याची. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे नियमित टोचावी. डिस्टेंपरचीही द्यावी, कारण हा रोग कुत्र्याकडून लांडग्याला होतो. पुणे परिसरातील लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. म्हणून ज्यांची पिले नको असतील त्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्यावी.

चांगला राखणदार लांडग्याला मारत नाही, दूर ठेवतो. मेंढरू वाचते, लांडगाही वाचतो. अशा कुत्र्याला जातीच्या दाखल्याची गरज ती काय?