दोष हाताचा की हत्याराचा?

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण विचारले की वर्गातील निम्मी मुले बंदुकीचे नाव घेतात. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. उत्तर बरोबर, गुण पुरे. परंतु मागे येणारा हा धक्का म्हणजे निव्वळ उपद्रव नव्हे. आपोआप काडतूस भरणाऱ्या पिस्तुलात हाच धक्का खरा कामकरी असतो. तो काम कसे करतो आणि कोठे अडतो, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले पिस्तूल तेथील सैन्याने १९११ साली स्वीकारले. ऑस्ट्रियातील ग्लॉक १९ हे आटोपशीर पिस्तूल १९८८ सालचे. दोहोंची मूळ युक्ती एकच. गोळी सुटताच वरचा सरकता पोलादी भाग, म्हणजे स्लाईड, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो व स्प्रिंग दाबतो. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मुठीतील मॅगझीनमधून नवे काडतूस उचलून नळीत सारतो.

यातील मर्म असे की, स्लाईड मागे जावयाची ती खालच्या सांगाड्याच्या मानाने. हलक्या टेबलाचा घट्ट बसलेला खण एका हाताने ओढून पाहावा. दुसऱ्या हाताने टेबल धरले नाही, तर टेबलच आपल्याकडे सरकते आणि खण अर्धाच उघडतो. पिस्तुलात स्लाईड हा खण, सांगाडा हे टेबल आणि टेबल धरणारा हात म्हणजे आपले मनगट.

थोडा हिशेब करू. ८ ग्रॅमची गोळी सेकंदास ३५० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. स्लाईड व नळी मिळून अर्धा किलो धरल्यास त्यांचा मागे जाण्याचा वेग सेकंदास ५.६ मीटर व ऊर्जा सुमारे ७.८ ज्यूल येते. सांगाडा अचल असेल, तर ही सारी ऊर्जा वर सांगितलेल्या कामाला मिळते. तोच ३५० ग्रॅमचा सांगाडा हवेत मोकळा असता, तर तिच्यापैकी जेमतेम ३.२ ज्यूल हाती लागले असते. प्रत्यक्षातील हात या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो. मनगट ढिले पडले की स्लाईड पुरती मागे जात नाही. मग पुंगळी तोंडाशीच अडकते, किंवा स्लाईड नव्या काडतुसाला न उचलताच परतते.

आता एका गैरसमजाकडे वळू. नाजूक हाताला लहान पिस्तूल बरे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पिस्तूल जितके हलके, तितका सांगाड्याचा स्वतःचा आधार कमी. ब्राउनिंगचे ते पिस्तूल सुमारे १.१ किलोचे, तर ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझीनसह पाऊण किलोच्याही आत. अगदी छोट्या पिस्तुलांत स्लाईडचा प्रवास आखूड, स्प्रिंग ताठ आणि मूठ इतकी तोकडी की करंगळीस जागा उरत नाही. म्हणजे ज्याला सोयीचे म्हणून लहान हत्यार दिले, त्याच्याकडूनच अधिक भक्कम पकड मागितली जाते. पुढे पिस्तूल अडले की कोणी त्याला दुबळा ठरवितो, कोणी हत्यार परत करतो. पकड कशी असावी हे मात्र कोणी शिकवीत नाही.

उपाय साधा आहे. तळहात मुठीवर शक्य तितका वर बसवावा, मनगट सरळ व स्थिर ठेवावे, दुसऱ्या हाताची जोड द्यावी आणि अंगठा स्लाईडला घासू देऊ नये. हा अभ्यास परवान्याने, नेमबाजीच्या मैदानावर व जाणत्या शिक्षकासमोरच करावा, हे सांगणे नकोच.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण खरी; पण कधी कधी अंगणही वाकडे असते. मॅगझीनचे ओठ वाकलेले, स्प्रिंग थकलेली, काडतूस कमजोर, हेही घडते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच पिस्तूल व तीच काडतुसे अनुभवी नेमबाजाच्या हाती द्यावीत. तेथे ते सुरळीत चालले, तर आधी आपली पकड तपासावी. तेथेही अडले, तर मॅगझीन बदलून पाहावे, मग काडतुसे. पारख करण्यापूर्वी निकाल देऊ नये, ही शिस्त प्रयोगशाळेत जितकी उपयोगी, तितकीच घरात व संसारातही.