निरोपात गळून गेलेली गोष्ट

मोबाइलवर 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असा निरोप आला की आपण तो लगेच चार जणांना पाठवतो. हेतू चांगलाच असतो. पण संशोधन आपल्या हाती येईपर्यंत त्यातले काय गळते, ते आयव्हरमेक्टिनच्या उदाहरणावरून पाहू.

खरूज आणि जंतांवरचे हे उपयुक्त औषध. ज्या शोधातून ते आले, त्याला २०१५ चे नोबेल मिळाले. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये या औषधाने ४८ तासांत करोना विषाणू जवळजवळ नाहीसा केला. प्रयोग खोटा नव्हता. मात्र त्या पेशींना दिलेली मात्रा इतकी मोठी होती, की नेहमीच्या गोळ्यांनी माणसाच्या रक्तात तेवढे औषध पोहोचतच नाही. माणसांवर चाचण्या व्हायच्या आहेत, असे संशोधकांनीही सांगितले होते. निरोपात उरले एवढेच : ४८ तासांत करोना खलास!

पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधून एक अहवाल इंटरनेटवर आला. या औषधाने मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटतात, असा त्याचा दावा. इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुला होणाऱ्या अशा अहवालाला 'प्रीप्रिंट' म्हणतात. लंडनमधील एका विद्यार्थ्याने त्यातील आकडे तपासले, तर अभ्यास सुरू होण्याआधीच वारलेले रुग्णही त्यात मोजलेले दिसले. जुलै २०२१ मध्ये अहवाल मागे घेतला गेला. ही बातमी किती जणांच्या मोबाइलवर आली असेल?

चाचणीबाहेर हे औषध करोनासाठी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच सांगितले होते. तरी मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना, लक्षणे असोत वा नसोत, ते देण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या उपचारसूचीतून ते वगळले गेले. ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला : रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

'गोळी घेतली, आता भीती नाही' म्हणून घरचा माणूस धाप लागेपर्यंत थांबला, तर घात त्या उशिराने होतो.

म्हणून निरोप आला की आम्ही आधी विचारतो : प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? किती माणसांवर? औषध न दिलेल्यांशी तुलना केली का? उत्तर निरोपातच नसेल, तर तो पुढे पाठवू नये. आणि मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू गोळी बंद करण्याआधी तो निरोप प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावा.