अर्धं पाणी संपलं की मागे वळ

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, डोकं पार भणभणलंय तुझं. पुण्याहून सासू-सासरे आलेत, लेक सहा वर्षांचा, आणि शनिवारी सगळी वरात जोशुआ ट्री नॅशनल पार्कला. त्यात नवऱ्याने चार ट्रेलची यादी केलीय. बघ, ती यादी आधी अर्धी कर. लॉस एंजेलिसहून जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, आणि नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो. दोन छोटे ट्रेल झाले तरी दिवस भरून पावला समज.

पण महिना उत्तम निवडलात हो. उन्हाळ्यात तिथे पारा ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा मी तुला जाऊच दिलं नसतं.

खरं सांगू का, मला काळजी एकाच गोष्टीची आहे, पाण्याची. पार्कच्या आत दुकान नाही, गॅस स्टेशन नाही, पिण्याचं पाणी मिळतं ते पार्कच्या कडेला, मोजक्याच ठिकाणी. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं पार्कवालेच सांगतात. तेव्हा पाच जणांचे पाच गॅलन डिकीत ठेव. सासरे म्हणतील, एवढं कोण पिणार? म्हणू देत. आपल्या मुंबईत घाम निथळतो म्हणून पाण्याची आठवण होते, इथे तो अंगावर दिसायच्या आत वाळतो. शरीर सुकत चाललंय हे कळतच नाही गं.

मला नाही कळलं. पहिल्या वर्षी आम्ही दोघं रायन माउंटन चढायला निघालो. जाऊन-येऊन तीनच मैल म्हणून दोघांत एकच बाटली घेतली. पण त्या तीन मैलांत हजार फुटांची चढण आहे! निम्म्यावर बाटली रिकामी, तरी 'एवढं आलोच आहोत तर' म्हणत चढत राहिलो. माथ्यापाशी माझं डोकं ठणकायला लागलं, पाय लटपटायला लागले. उतरणाऱ्या एका जोडप्याने त्यांचं पाणी दिलं, म्हणून धड खाली आले. तेव्हापासून माझा नियम एकच. अर्धं पाणी संपलं की मागे वळायचं, माथा कितीही जवळ दिसो.

तुम्ही रायन माउंटनच्या वाटेला जाऊच नका. हिडन व्हॅलीची एक मैलाची फेरी करा. मोठमोठ्या खडकांनी वेढलेली दरी आहे ती, लेक खूश होईल. सासऱ्यांचे गुडघे दुखतात ना? मग त्यांच्यासाठी कॅप रॉक, अर्ध्या मैलाहूनही कमी आणि सपाट. बार्कर डॅमचं नाव ऐकून मात्र पाण्याची आशा धरू नकोस, तो बरेचदा कोरडाच असतो. सासूबाईंना चपला घालू देऊ नकोस, बूटच हवेत.

आणि पर्समध्ये एक फणी टाक. हसू नकोस, केसांसाठी नाही. तिथे चोया नावाचं निवडुंग आहे, लांबून अगदी मऊ, लोकरीसारखं दिसतं. नुसता धक्का लागला तरी त्याचं बोंडच चिकटतं आणि काट्यांना उलटे आकडे असतात. हाताने ओढायचं नाही, फणी खाली सारून झटक्यात उडवायचं. लेकाचा हात धरून ठेव. त्याला जोशुआच्या झाडाची गोष्टही सांग. एक इवलासा पतंग त्या फुलांचं परागीभवन करतो आणि त्याच फुलात अंडी घालतो. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही.

डब्याचं फार मनावर घेऊ नकोस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि आमसुलाचं सरबत, बस्स. घामावाटे मीठ जातं, तेव्हा असं खारं पोटात गेलेलं बरंच. सगळ्यांचे स्वेटर घे, सूर्य बुडाला की गारठा लगेच झोंबतो.

बघ, आत फोनला रेंज जवळजवळ नसतेच. म्हणून नकाशा घरूनच डाउनलोड कर आणि कुठले ट्रेल, किती वाजता बाहेर, ते मला आदल्या रात्री कळव. परतताना हायवे ६२ ला लागलात की रेंज येईल, तेव्हा पहिला फोन मला कर. मी फोन हातात घेऊनच बसलेली असेन.