साइटवर निघालेल्या लेकराच्या आईबाबांशी

पालकहो, टिटवाळ्यातल्या आपल्या पिढीला नोकरी म्हटलं की मोहन्याची एनआरसी नाहीतर शहाडची सेंच्युरी कंपनी आठवते. एकदा गेटच्या आत गेलं की निवृत्तीपर्यंत घोर नाही. एनआरसी 2009 साली बंद पडली, पण ते चित्र मनातून जात नाही. म्हणून मुलगा ‘साइटवर लागतोय’ म्हणाला की आपला चेहरा उतरतो. कधी उलटंही होतं. मुकादम रोजची रोख मजुरी देतोय म्हटल्यावर घराला हायसं वाटतं, आणि पोरगा शिक्षण अर्धवट टाकून हेल्पर होतो. मला काळजी या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

काम आपल्या आसपास आहे. भिवंडीत गोदामांच्या लोखंडी शेड उभ्या राहताहेत. अंबरनाथ, तळोजा भागात कारखान्यांच्या पायपिंगची, शटडाऊनची कामं निघतात. मात्र शेड उभी राहिली की टोळी दुसऱ्या साइटवर जाते. तिथे मुलाला कोण विचारणार, हे त्याला कोणतं काम येतं यावर ठरतं.

वेल्डरचंच बघा. त्याला टेस्ट द्यावी लागते. 6जी टेस्टला पाइप 45 अंशांत तिरका, पक्का बांधलेला असतो. तो जरासुद्धा न फिरवता सगळीकडून जॉइंट मारायचा. मग तो आतून तपासतात, बऱ्याचदा एक्स-रे काढून. त्यात पास होणारा दर मागू शकतो. हेल्परची टेस्ट कुणी घेत नाही, म्हणून त्याला दर मागायला तोंडच नसतं.

हे काम शिकायला अंबरनाथच्या सरकारी आयटीआयला जायचं तर कल्याणला गाडी बदलावी लागते, एवढंच. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, फिटरचा दोन. दहावी नापास मुलांसाठीही काही ट्रेड खुले आहेत. पुढे अप्रेंटिसशिप केली तर शिकताना विद्यावेतन मिळतं. आणि हो, मुलगी वेल्डिंग शिकते म्हणाली तर तिला अडवू नका.

साइटवरच्या अपघाताची तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात, सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळलं आणि 20 जण गेले. म्हणून मुलगा घरी आला की पगाराआधी हे विचारा: उंचीवर चढताना हार्नेस मिळतो का, त्याचा हूक कशात अडकवतोस, सेफ्टीचं ट्रेनिंग झालं का? ‘काही होत नाही गं आई’ असं उत्तर आलं तरी पुन्हा विचारा.

कागदही बघा. नेमणूकपत्र हातात हवं. पीएफ कापला जात असेल तर बारा अंकी यूएएन नंबर मागा. पैसे खरंच भरले जातात का ते पासबुकात मोबाइलवर दिसतं. बांधकामावर वर्षात 90 दिवस भरले की 18 ते 60 वयाच्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती आठवणीने करून घ्या. आखातात नेतो म्हणणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते तपासल्याशिवाय पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.

दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. यंदा मुकादमाला होकार कळवण्याआधी लेकराला घेऊन एकदा अंबरनाथला जाऊन या आणि तिथलं वर्कशॉप स्वतः बघा.